दाभोळीच्या दारात, मोपाचं तिकीट हातात: दोन विमानतळांमधल्या 39 किलोमीटरचं एक प्रकरण

फेब्रुवारी 2025 चा पहिला आठवडा, कामाचा दिवस, दुपारचे चार वाजून पाच मिनिटं. मडगावचं लग्न आटोपून पुण्याला परतणारं पाच जणांचं कुटुंब गोव्याच्या दाभोळी विमानतळावर टॅक्सीतून उतरलं. बहात्तर वर्षांचे आजोबा, गुडघ्यांनी बेजार आजी, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. सामानात दोन मोठ्या बॅगा, काजूचा एक खोका, शिवाय प्रत्येकाच्या खांद्याला काहीतरी. दारावरच्या जवानाने मोबाइलवरचं तिकीट पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, ‘ये मोपा का है.’

विमान 6 वाजून 40 मिनिटांचं होतं, मोपाहून.

दोन मिनिटांत मला फोन आला. मी पुण्यात तिकिटांचं काम करतो. हे तिकीट माझ्याकडून काढलेलं नव्हतं, मुलाने स्वतःच ऑनलाइन काढलं होतं. पण जुनी ओळख होती, आणि अशा वेळी माणूस ज्याला यातलं कळतं त्याला फोन लावतो. प्रश्न एकच होता: ‘दादा, पोचतो का आम्ही?’

गोव्यात 2023 पासून दोन विमानतळ चालू आहेत आणि हा घोटाळा तेव्हापासून होत आला आहे. बरेचदा तो किस्सा म्हणून सांगितला जातो आणि हसण्यावारी जातो. या प्रकरणात मात्र त्या अर्ध्या तासात काय काय मोजावं लागलं ते सगळं नोंदलेलं आहे, म्हणून ते नीट मांडतो.

असं होतंच कसं

जाताना हे कुटुंब पुण्याहून दाभोळीला उतरलं होतं. परतीचं तिकीट स्वस्त दिसलं ते मोपाहून. बुकिंगच्या साइटवर शोधताना ‘गोवा’ टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात. ठळक अक्षरांत वेळ आणि भाडं असतं. विमानतळाचं नाव खाली बारीक, आणि त्याच्या शेजारी तीन अक्षरांचा कोड: दाभोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. एका अक्षराचा फरक. घाईत तो कोण बघतो?

पुढचा धागा टॅक्सीचा. मुक्काम कोलव्याला होता. दक्षिण गोव्यातल्या या सासष्टी तालुक्यात कुणी टॅक्सीवाल्याला ‘एअरपोर्ट’ म्हटलं की तो दाभोळीलाच नेणार, आणि त्यात त्याची चूकही नाही. तिथल्या माणसांसाठी साठेक वर्षं विमानतळ म्हणजे दाभोळीच. पोर्तुगिजांनी 1950 च्या दशकात हा तळ बांधला आणि इथूनच त्यांची छोटी विमान कंपनी कराची, दीव, दमणकडे विमानं सोडायची. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय हवाई दलाने या धावपट्टीवर बाँब टाकले. मुक्तीनंतर तळ नौदलाकडे गेला तो आजतागायत त्यांच्याकडेच आहे. आयएनएस हंसा ती हीच. नागरी विमानं तिथे एका अर्थी पाहुणी. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात, त्यामुळे प्रवासी विमानांची गर्दी दुपारनंतर आणि रात्री होते.

याच अडचणीतून दुसऱ्या विमानतळाची मागणी पुढे आली. पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या पठाराची निवड झाली, दक्षिण गोव्यातून कडाडून विरोध झाला, पर्यावरण परवानगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2019 मध्ये काम काही महिने थांबलंही. अखेर 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन झालं, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं आणि 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमानं सुरू झाली. दाभोळी बंद झाली नाही. दोन्ही चालू आहेत आणि पुण्या-मुंबईची विमानं दोन्हीकडे उतरतात. गोंधळाला यापेक्षा चांगली जमीन कुठली मिळणार!

अंतराचे आकडे

फोन चालू असतानाच मी नकाशा उघडला. दोन धावपट्ट्यांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 39 किलोमीटर भरतं. दाभोळीहून जवळजवळ नाकासमोर उत्तरेला गेलं की मोपा. विमानाला एवढं अंतर कापायला सहा-सात मिनिटं पुरतात. पुण्याहून येणाऱ्या विमानाला मोपा सुमारे 315 किलोमीटर आणि दाभोळी सुमारे 355, म्हणजे आकाशात फरक पाचेक मिनिटांचा. म्हणूनच दोन्ही विमानांची वेळापत्रकात छापलेली वेळ जवळपास सारखी दिसते आणि प्रवाशाच्या मनात कुठेतरी घट्ट बसतं की दोन्ही ‘तिथेच’ आहेत.

रस्त्याने ते अंतर 60 किलोमीटरच्या आसपास जातं. सरळ रेषेच्या दीडपट. कारण मधे जुवारी आहे, मांडवी आहे, कोलवाळची शापोरा आहे, आणि रस्त्याला या तिघींच्या पुलांपाशी जावंच लागतं. त्या दिवशी 4 वाजून 8 मिनिटांनी नकाशा दाखवत होता एक तास 28 मिनिटं.

मुलगा म्हणाला, ‘दीड तास ना? आत्ता सव्वाचार धरू, पावणेसहाला पोचलो. विमान सहा चाळीसचं. पंचावन्न मिनिटं हातात राहतात.’

हा हिशेब जवळजवळ प्रत्येक जण असाच करतो.

घड्याळ मागून मोजायचं

विमान 6:40 ला सुटतं ही वेळ प्रवाशाच्या कामाची नाही. सामान टाकायचं असेल तर देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. या कंपनीचा 5:40 ला होत होता. सामान नसेल आणि चेक-इन आधीच झालं असेल, तर शेवटची वेळ बोर्डिंग गेटची. ते 25 मिनिटं आधी, म्हणजे 6:15 ला बंद. म्हणजे एकाच तिकिटावर दोन वेगवेगळ्या मुदती होत्या आणि त्यांच्यामध्ये 35 मिनिटांचं अंतर.

मी तीनच गोष्टी विचारल्या. वेब चेक-इन झालंय का? झालं होतं, आदल्या रात्रीच, पाचही पास फोनमध्ये होते. टाकायचं सामान किती? दोन बॅगा आणि तो काजूचा खोका. आणि चालण्याचं काय? आजींसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, अर्थातच मोपाला.

आता बॅगांसकट पाचही जण गेले तर काय? 4:05 ते 5:40 म्हणजे 95 मिनिटं. त्यातून गाडी मिळवून, सामान चढवून निघेपर्यंतची पंधरा मिनिटं वजा. रस्त्यासाठी उरली 80. नकाशा सांगतो 88, तेही काही आडवं आलं नाही तर. उतरून, व्हीलचेअर मागवून, दारातून काउंटरपर्यंत जायला पाच-दहा मिनिटं आणखी. म्हणजे हा पर्याय गाडीत बसायच्या आधीच संपलेला होता.

बॅगांशिवाय? 6:15 पर्यंत 130 मिनिटं. निघायची पंधरा वजा, मोपाला दारापासून सुरक्षा तपासणी ओलांडून गेटपर्यंतची पंचवीस वजा. उरली 90. नकाशाचा आकडा 88. दोन मिनिटांची सवड. ज्याला गुडघे आहेत आणि ज्याच्या खांद्याला एकच पिशवी आहे, त्याने नशीब अजमावून पाहावं एवढंच. आजी-आजोबांना घेऊन ते करणं मला तरी योग्य वाटलं नाही.

तिसरी एक मुदत होती, जिच्याकडे अशा वेळी कुणाचंच लक्ष नसतं. या तिकिटाच्या नियमाप्रमाणे उड्डाणाच्या दोन तास आधीपर्यंत ते रद्द करता किंवा बदलता येत होतं. म्हणजे 4:40 पर्यंत. त्यानंतर माणूस गेटवर दिसला नाही की ‘नो-शो’, आणि मग परत मिळतात फक्त कर आणि विमानतळाची शुल्कं. तिकीट सगळ्यात स्वस्तातलं, त्यामुळे रद्द करूनही हातात फार येणार नव्हतं. पण काही नाही त्यापेक्षा काहीतरी बरं. खरा निर्णय त्यामुळे 4:40 च्या आत घ्यायचा होता आणि घड्याळात सव्वाचार होत आले होते.

कोणाला आज पोचायलाच हवं?

अशा घोळात माणसं एकमेकांना धरून बसतात. ‘जाऊ तर सगळे जाऊ.’ मुलगाही तेच म्हणत होता. मी विचारलं, पाचांपैकी आज रात्री पुण्यात कोण नसेल तर खरंच अडेल?

उत्तर लगेच आलं. सून कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिला परीक्षक म्हणून हजर राहायचं होतं. बाकी चौघांचं उद्यावर गेलं असतं तरी चाललं असतं. नातीची शाळा एक दिवस बुडाली तर तिला आनंदच होणार होता, पण आईला सोडून राहायला ती तयार नव्हती.

तेव्हा ठरलं ते असं. सून आणि नात, एकेक पाठपिशवी घेऊन, ताबडतोब मोपाला. मुलगा, आई-वडील आणि सगळं सामान दाभोळीतच. त्या रात्री दाभोळीहून पुण्याला एक विमान होतं, साडेनऊच्या सुमाराचं, आणि त्यात जागा होत्या. भाडं माणशी सहा-सात हजारांच्या घरात. महाग, पण दाभोळीला ते तिथल्या तिथे चढू शकत होते.

रेल्वेचा विचार मी करून पाहिला. वास्कोहून पुण्याकडे जाणारी गोवा एक्सप्रेस दुपारीच सुटून गेली होती. रात्रीच्या स्लीपर बसेस होत्या, पण आजींना बारा तास बसमध्ये घालणं कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

इथे एक तांत्रिक पेच निघाला. पाचही जणांचं बुकिंग एकाच पीएनआरवर होतं आणि वेब चेक-इन झालेलं होतं. तिघांची तिकिटं रद्द करायची तर आधी त्यांचं चेक-इन उलटवायचं, मग पीएनआर तोडून दोन करायचा. मोबाइलवर हे करताना पाचही जणांचं तिकीट रद्द होण्याची भीती असते, आणि तशी उदाहरणं मी पाहिली आहेत. म्हणून मी मुलाला ॲपला हातही लावू दिला नाही. कंपनीची तिकीट खिडकी दाभोळीलाही असते. तो नेमका तिच्यापासून पन्नास पावलांवर उभा होता. खिडकीवरच्या मुलीने पीएनआर तोडला, तिघांचं चेक-इन काढलं आणि तिकिटं रद्द केली, तेव्हा 4:36 झाले होते. मोपा-पुणे आणि दाभोळी-पुणे हे कंपनीच्या लेखी दोन वेगळे सेक्टर. त्यामुळे ‘वेळ बदलून द्या’ हे चाललं नाही. जुनं रद्द, नवं खरेदी, असंच करावं लागलं.

साठ किलोमीटर

टॅक्सीचा भाग आता. ज्या गाडीने यांना सोडलं तिच्या चालकाचा नंबर सुनेकडे होता, हे नशीब. तो अजून चिखलीपर्यंतही गेला नव्हता. परत आला खरा, पण विमानतळावरून भाडं भरायचा हक्क स्टँडवरच्या गाड्यांचा, त्यामुळे थोडी हुज्जत झाली. हीच माणसं मी सोडली होती, चुकून इथे आली, असं त्याने समजावलं, बाईच्या हातातलं तिकीट दाखवलं आणि दोघी बसल्या. तीन हजार ठरले. निघाले तेव्हा 4:20.

प्रवासभर सून मला एकेक टप्पा कळवत होती, त्यामुळे वेळा हाताशी आहेत.

दाभोळीहून सांकवाळमार्गे कुठ्ठाळीला पोचल्या 4:40 ला. बारा-तेरा किलोमीटर, वीस मिनिटं. कुठ्ठाळीला मडगावकडून येणारा महामार्ग मिळतो, आणि इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोलव्याहून थेट मोपाला निघाले असते तर वेर्ण्यावरून याच कुठ्ठाळीला आले असते, तेही चार वाजायच्या आत. दाभोळी म्हणजे त्या वाटेपासून पश्चिमेला आत घुसलेली पाचर. हॉटेल त्यांनी सव्वातीनला सोडलं होतं. कोलवा ते मोपा सत्तरएक किलोमीटर. त्याच वेळी निघून योग्य दिशेला गेले असते तर पाच-सव्वापाचला सगळे जण बॅगांसकट काउंटरवर उभे असते. म्हणजे निघायला उशीर झालेलाच नव्हता. वेळ गेला तो पाचरीत जाण्यायेण्याचा, दारातल्या गोंधळाचा आणि दुसऱ्यांदा गाडी मिळवण्याचा: कुठ्ठाळीच्या नाक्यावर मोजला तर पन्नास मिनिटं.

जुवारीवरचा नवा पूल दोन-तीन मिनिटांत संपला. जुन्या पुलावर कुठ्ठाळी ते आगशी हा पट्टा म्हणजे रोजचं मरण होतं. अपघात झाला किंवा एखादा ट्रक बंद पडला की तासभर जागेवर. नव्या पुलाच्या पहिल्या चार पदरांचं उद्घाटन 29 डिसेंबर 2022 ला झालं, मोपाहून प्रवासी विमानं सुरू व्हायच्या बरोबर आठवडाभर आधी. उरलेले पदर वर्षभराने आले. हा पूल नसता तर दाभोळी-मोपा वेळेबद्दल कुठलाही आकडा सांगणं अवघड होतं.

गोवा वेल्हा, मग बांबोळी. वैद्यकीय महाविद्यालयापाशी 4:57. मेरशीच्या बाजूला गाडी रांगत पुढे सरकली. पणजी शहरात शिरायचं कारणच नव्हतं. मांडवीवरचा तिसरा पूल, अटल सेतू, सुमारे पाच किलोमीटरचा. 2019 पासून तो वरच्यावर पर्वरीकडे नेऊन सोडतो. त्यावर चढल्या 5:05 ला, उतरल्या 5:10 ला. इथपर्यंत सगळं नकाशाप्रमाणे, उलट मिनिटभर पुढेच.

चालकाला सुनेने विचारलं होतं, किती वाजता पोचू? तो म्हणाला, ‘पर्वरी पावूंया, मागीर सांगतां.’ म्हणजे आधी पर्वरीला पोचू, मग सांगतो. त्याला ठाऊक होतं.

पर्वरीला महामार्गावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं. रस्ता आक्रसलेला, वळणवाटा, आणि संध्याकाळी पाचनंतर पणजीतली कचेऱ्यांची गर्दी म्हापशाकडे घरी निघालेली. अटल सेतूवरून येणारा आणि जुन्या पुलांवरून येणारा असे दोन्ही लोंढे इथेच एकत्र होतात. चारेक किलोमीटरला 22 मिनिटं लागली. एरवी सहा-सात मिनिटांचं काम. नकाशावर तो पट्टा आधी नारिंगी होता, त्या पोचल्या तेव्हा गडद लाल झाला होता. नकाशाने 4:08 ला जे 88 सांगितलं ते बरंचसं 4:08 च्या पर्वरीवरून, आणि या दोघी तिथे एक तासाने जाणार होत्या. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीचा अंदाज नकाशाही बांधतो, पण कामाच्या जागी आज कुठला पदर बंद आहे हे त्याला आधी कळत नाही.

त्यानंतर रस्ता सुटला. गिरीवरून म्हापशाच्या बाहेरून करासवाड्याला 5:40. कोलवाळचा पूल 5:44. धारगळला 5:49 ला महामार्ग सोडला आणि विमानतळाकडचा वेगळा जोडरस्ता धरला. रुंद, मोकळा, वर एकही सिग्नल नाही. सुरुवातीच्या काळात हा रस्ता तयार नव्हता आणि गाड्या गावांमधून जायच्या, तेव्हा शेवटचे सहा-सात किलोमीटर पंधरा-वीस मिनिटं खायचे. आता सहा मिनिटं. टर्मिनलच्या दारात 5:55.

एकूण 95 मिनिटं. रस्त्याच्या 60 किलोमीटरला ताशी 38 चा वेग पडला. धावपट्टी ते धावपट्टी सरळ 39 किलोमीटर धरले तर ताशी 25.

दारापासून गेटपर्यंत

मोपाच्या टर्मिनलमध्ये मायलेकी धावल्या. काउंटर बंद झाला होता, पण त्यांना काउंटरशी काम नव्हतं. सुनेने डिजियात्राची, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या सोयीची, नोंदणी केलेली होती, त्यामुळे दारातून ती झटकन आत गेली. मुलीसाठी मात्र ओळखपत्र दाखवावं लागलं आणि तिचं आधार कार्ड बाबांच्या पाकिटात, दाभोळीला. ही गोष्ट आमच्या हिशेबातून निसटली होती. फोनवर कार्डाचा फोटो होता, डिजिलॉकरमध्येही होतं, तेवढ्यावर निभावलं. तरी चार-पाच मिनिटं गेली. सुरक्षा तपासणीची रांग संध्याकाळच्या मानाने बरी होती. गेटवर पोचल्या तेव्हा 6:14.

गेटवरच्या फलकावर विमान 7:05 चं दाखवत होतं. पंचवीस मिनिटांचा उशीर, आणि तो जाहीर झाला होता सहाच्या सुमाराला.

हे ऐकल्यावर मुलगा नंतर म्हणाला, मग आपण सगळेच गेलो असतो तरी चाललं असतं की! नसतं चाललं. उड्डाण पुढे ढकललं म्हणजे बॅगांचा काउंटर पुढे ढकलला जातोच असं नाही, विशेषतः उशीर शेवटच्या घटकेला कळला तर. त्या दिवशी काउंटर 5:40 लाच बंद झाला होता. पाच जण आणि दोन बॅगा 5:55 ला तिथे पोचून काय करणार होते? आणि समजा चाललं असतं, तरी 4:15 ला उशिराची बातमी नव्हती. तेव्हा हातात जे होतं त्यावरच निर्णय जोखायला हवा. सून-नात वेळेत पोचल्या त्यातही थोडी दैवाची साथ होती. पर्वरीला आणखी दोन-तीन मिनिटं गेली असती आणि विमान वेळेवर असतं, तर गेट समोर बंद झालेलं दिसलं असतं. त्या शक्यतेसाठीही मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं: विमान चुकलं तर दाभोळीला परत यायचं नाही. मोपाहून म्हापशाला जायचं आणि तिथून पुण्याची रात्रीची बस धरायची. पहाटे पोचली असती, दमलेली, पण आठच्या आत.

तिघांचा प्रवास सुरळीत झाला. आजींना दाभोळीला व्हीलचेअर नव्याने सांगावी लागली, तिथे ती लगेच मिळाली. साडेनऊचं विमान वेळेवर निघालं. काजूचा खोका मात्र फुटला.

खर्चाची बाजू अशी: टॅक्सीचे तीन हजार, तीन नवी तिकिटं वीस हजारांच्या आसपास, जुन्या तीन तिकिटांचे परत आले ते माणशी काहीशेच. मोपाचं परतीचं तिकीट दाभोळीपेक्षा माणशी नऊशे रुपयांनी स्वस्त पडलं म्हणून घेतलं होतं. पाच जणांचे साडेचार हजार वाचले होते. खरं तर तिथेही हिशेब अर्धाच केला होता. कोलव्याहून मोपाची टॅक्सी दाभोळीच्या टॅक्सीपेक्षा चांगली दुप्पट-तिप्पट पडते. म्हणजे चूक झाली नसती तरी बचतीतला बराचसा भाग रस्त्यातच गेला असता. मुक्काम हरमल, मांद्रे, मोरजीला असेल, किंवा माणूस सावंतवाडी-बांद्याचा असेल, तर मोपासारखं सोयीचं काही नाही. सासष्टीत उतरणाऱ्याने स्वस्त दिसलं म्हणून मोपा घ्यावं असं मला वाटत नाही.

उलटा प्रवास, आणि जोडविमानाचा प्रश्न

हे प्रकरण सांगितलं की लोक विचारतात, एकीकडे उतरून दुसरीकडून चढायचं असेल तर किती वेळ ठेवायचा? हा प्रश्न आता खराखुरा आहे. कतार एअरवेजने 2024 मध्ये दाभोळी सोडून मोपा धरली. देशातल्या शहरांतून येणारी काही विमानं अजून दाभोळीलाच उतरतात. दोन स्वतंत्र तिकिटं जोडून आखातात जाणाऱ्या माणसाला साइट खुशाल ‘गोवा ते गोवा’ साडेतीन तासांची जोडणी दाखवते.

देशांतर्गत ते देशांतर्गत, सामान टाकायचं असेल, तर मी पाच तासांच्या खाली तिकीट काढत नाही. पहिलं विमान अर्धा-पाऊण तास उशिरा आलं, पट्ट्यावर बॅगेला अर्धा तास लागला, टॅक्सीला वीस मिनिटं, रस्त्याला दोन तास, आणि काउंटर तासभर आधी बंद, एवढं जोडलं की साडेचार तास भरतातच, वर थोडी सवड हवी. पुढचं विमान परदेशी असेल तर सात. पावसाळ्यात त्यावर आणखी एक. ज्याला हे जास्त वाटतं त्याला मी मुंबईमार्गे जायला सांगतो.

उलट दिशेला, मोपाहून दाभोळीला, वेळ कुठली आहे यावर सगळं ठरतं. भल्या पहाटे उतरलेला माणूस पर्वरी जागी व्हायच्या आत पार होतो आणि सव्वा तासात दाभोळीला असतो. तोच माणूस सकाळी नऊला निघाला तर पणजीकडे जाणाऱ्या गर्दीत सापडतो. पण कामाच्या दिवशी त्या सुमाराला दाभोळीहून फारशी प्रवासी विमानं नसतातच, नौदलाची वेळ असते. त्यामुळे त्याला दुपारनंतरचंच विमान मिळणार, आणि वाटेत पणजीत थांबून जेवण उरकण्याइतका वेळ त्याच्याकडे आपोआप असतो.